मारांडी जिथे दाट होते

मारांडीचे फूल मी प्रथम नीट पाहिले ते एप्रिलमधल्या एका सकाळी, कोकणातल्या एका खाडीच्या काठी, ओहोटी पुरती लागलेली असताना आणि माझे पाय घोट्यांच्या वर चिखलात रुतलेले असताना. समोर जवळजवळ कंबरेइतक्या उंचीच्या काटेरी झुडपांचा एक सलग पट्टा पसरलेला होता, आणि त्या गडद हिरव्या पट्ट्यावर निळसर जांभळ्या फुलांचे तुरे इतके दाट उभे होते की दुरून पाहणाऱ्याला तिथे कोणीतरी मुद्दाम लागवड केली आहे असे वाटले असते. मी तासभर तिथेच थांबले. परतताना मासेमारीची जाळी आवरत बसलेल्या एका वृद्ध कोळी काकांना मी त्या फुलांविषयी काहीतरी कौतुकाने बोलले, तेव्हा त्यांनी मान वर न करता एवढेच सांगितले, "बाय, इथं आधी तिवरांचं रान होतं. ती तोडली, मग ही आली."

तिवर म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारे खारफुटीचे झाड. त्या एका वाक्यानंतर मारांडीकडे पाहण्याची माझी रीत बदलली. तोपर्यंत मी तिच्याकडे केवळ एक सुंदर आणि दुर्लक्षित झुडूप म्हणून पाहत होते. सुंदर ती आहेच, दुर्लक्षितही आहे; परंतु ती कुठे उभी आहे, किती दाट उभी आहे आणि तिच्या डोक्यावर दुसऱ्या झाडाची सावली आहे की नाही, यावरून त्या खाडीच्या मागच्या वीसपंचवीस वर्षांत काय घडले याचा बराचसा अंदाज बांधता येतो, ही गोष्ट मला त्या दिवसानंतर हळूहळू कळत गेली.

मारांडी हे आपल्या किनाऱ्यावरचे अस्सल देशी झुडूप आहे. भारत आणि श्रीलंकेपासून आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत खाड्यांच्या चिखलात ते आढळते. उंची साधारण दीड मीटर, क्वचित दोन मीटर. पाने समोरासमोर जोडीने येतात. ती जाड, चकचकीत आणि कडेला लाटेसारखी वळलेली असून प्रत्येक लाटेच्या टोकाला एक टणक काटा असतो. पानांच्या देठापाशी, खोडाच्या पेरावरही काट्यांची जोडी असते, त्यामुळे पाने चुकवून खोड धरू पाहणाऱ्याचीही सुटका होत नाही. दाट सावलीत वाढणाऱ्या मारांडीची पाने मात्र मी कितीतरी वेळा जवळजवळ बिनकाट्यांची, साध्या कडेची पाहिली आहेत. एकाच झुडपाची उन्हातली फांदी काटेरी आणि सावलीतली मवाळ, असेही पाहिले आहे. पहिल्यांदा ही दोन रूपे पाहणारा माणूस ही दोन वेगळी झाडे आहेत असेच समजतो, आणि मीही तसेच समजले होते.

कुळाच्या दृष्टीने पाहिले तर मारांडी आपल्या चांगल्या परिचयाच्या घराण्यातली आहे. कुंपणाला लावतात ती कोरांटी, खोकल्यावरचा अडुळसा, सह्याद्रीच्या उतारावर सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आणि गोड्या पाण्याच्या कडेला उगवणारा काटेरी कोळसुंदा ही सगळी तिची नातलग. १७५३ साली लिनियसने तिला अकँथस इलिसिफोलियस हे शास्त्रीय नाव दिले. त्यातल्या पहिल्या शब्दाचे मूळ काटा या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे आणि दुसऱ्याचा अर्थ युरोपातल्या हॉली या काटेरी पानांच्या झाडासारखी पाने असलेली, असा होतो. परंतु लिनियसच्याही आधी ती ग्रंथात आली होती. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या वनस्पतिग्रंथात ती पैना-चुल्ली या मल्याळी नावाने येते, आणि तिचा गोड्या पाण्यातला नातलग कोळसुंदा त्याच ग्रंथात बहेल-चुल्ली म्हणून येतो. म्हणजे या दोन झाडांचे नाते तिथल्या लोकांनी नावातच ओळखून ठेवले होते. थोडे विषयांतर होईल, पण सांगितल्यावाचून राहवत नाही: याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. आपल्या लिपीच्या छपाईच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक असा वनस्पतींच्या ग्रंथात सापडावा, याचा मला फार आनंद होतो.

फुलाविषयी मात्र मला सावकाश लिहायचे आहे, कारण मारांडीचे फूल घाईने पाहिले तर अपुरे वाटते. वरची पाकळी कोणीतरी तोडून नेली असावी असे त्याचे रूप आहे. सामान्यतः अशा नळीदार फुलांना वरचा आणि खालचा असे दोन ओठ असतात. इथे वरचा ओठ नाहीच, आणि खालचा ओठ मात्र रुंद, टोकाला तीन किंचित खाचा असलेला, उतरत्या ओसरीसारखा पुढे पसरलेला असतो. त्या ओसरीवर छताच्या जागी चार पुंकेसर एकमेकांना चिकटून उभे असतात. त्यांचे दांडे चांगले जाड आणि ताठ असतात आणि परागकोशांना दाट केसांची झालर असते. मधाची जागा आहे ती या पुंकेसरांच्या मागे, खाली, खोलवर. लहानशी माशी ओसरीवर येऊन बसली तरी तिला आत शिरता येत नाही, कारण ते ताठ दांडे बाजूला सारण्याइतका जोर तिच्या अंगात नसतो. तो जोर असतो मोठ्या काळ्या भुंग्याच्या अंगात. भुंगा ओसरीवर उतरतो, डोके खाली घालून पुंकेसरांखाली स्वतःला रेटतो, दांडे थोडे फाकतात आणि वरून पराग त्याच्या पाठीवर सांडतात. पुढच्या फुलात हाच भुंगा शिरतो तेव्हा त्याची पाठ त्या फुलाच्या कुक्षीला घासते. एका सकाळी मी एकाच भुंग्याला सलग अकरा फुलांत शिरताना पाहिले, आणि बाराव्या फुलातून बाहेर पडला तेव्हा त्याची काळी पाठ पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखी पांढुरकी झालेली होती. सूर्यपक्षीही या फुलांवर येतात, तुऱ्याच्या दांड्याला धरून चोच आत घालतात. परंतु फुलाची एकंदर रचना पाहता ही ओसरी भुंग्यासाठीच बांधलेली आहे, असे मला वाटते.

खाऱ्या पाण्यात जगायचे म्हणजे मिठाचा काहीतरी बंदोबस्त करणे आले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि जमिनीवरच्या बहुतेक झाडांची मुळे अशा पाण्यात उभी राहिली तर मुळांनी पाणी ओढून घेण्याऐवजी झाडातलेच पाणी बाहेर जाण्याची वेळ येते. खारफुटीतल्या, म्हणजे भरतीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या रानातल्या, प्रत्येक झाडाने यावर आपापला मार्ग काढला आहे. कांदळ मुळाशीच बहुतेक मीठ अडवतो. तिवर, काजळा आणि मारांडी मात्र पाण्यासोबत मीठ काही प्रमाणात आत येऊ देतात आणि पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून ते पुन्हा बाहेर टाकतात. कडक उन्हाच्या दुपारी, दोन भरत्यांच्या मधल्या वेळात, मारांडीचे पान तिरपे धरून पाहिले तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. पाऊस आला की ते धुऊन जातात आणि पान पुन्हा गडद, ओले, तेल लावल्यासारखे दिसू लागते.

मारांडीचे फळ म्हणजे बोटाच्या पेराएवढी, सुरुवातीला हिरवी आणि पुढे तपकिरी होणारी एक बोंडी. तिच्यात चपट्या चार बिया असतात आणि प्रत्येक बी एका लहानशा आकड्यावर टेकलेली असते. बोंडी सुकत जाते तसा तिच्या भिंतींत ताण साठतो आणि एका क्षणी ती फट्कन उकलते. आकडे बियांना ढकलतात आणि बिया दोन मीटरपर्यंत दूर उडतात. कोरांटी आणि कारवीच्या बोंड्याही अशाच उकलतात, त्यामुळे ही या कुळाचीच रीत म्हणायला हवी. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि हातभर लांबीचे रोप होऊन चिखलात पडते. तिवराचे बीही झाडावरच आतल्या आत कोंब धरते. मारांडी यातले काही करत नाही. ती साधे बी फेकते आणि उरलेले काम खोडावर सोपवते, कारण तिचे खोड आडवे पडले की चिखलाला टेकलेल्या पेरांतून मुळे फुटतात आणि त्या पेरापासून नवे झुडूप उभे राहते. उभ्या खोडाच्या बुडाशीही टेकूसारखी मुळे उतरतात. अशा रीतीने एक झुडूप काही वर्षांत एवढा पसारा मांडते की त्याचा आरंभ कुठे होता हे सांगणे अशक्य होते.

आता तिच्या खऱ्या जागेविषयी. खाडीच्या मुखापासून वर, नदीच्या दिशेने होडीतून जात राहिलो तर काठावरची झाडे बदलत जातात. मुखाजवळ, जिथे पाणी सर्वांत खारे आणि लाटांचा मारा सर्वांत जास्त, तिथे चिप्पी आणि तिवर पुढे उभे राहतात. आडोशाच्या वळणांवर कांदळ दिसतो. आणखी आत गेल्यावर काजळा भेटतो. जसजसे गोडे पाणी मिसळत जाते तसतशी काठाच्या बुडाशी मारांडी दिसू लागते, आणि भरतीचा जोर ओसरतो त्या वरच्या टप्प्यात ती काठाची पहिली रांगही धरते. प्रत्येक खाडीत हा क्रम असाच असतो असे नाही. वळणे, बांध, ओढे आणि चिखलाचा पोत यांनी तो मोडतो. तरीही न दुखावलेल्या खाडीत मारांडीची जागा बहुतेक ठरलेली असते: उंच झाडांच्या कडेला, किंवा त्यांच्या विरळ सावलीखाली, रोजच्या भरतीचे पाणी जिथे येऊन टेकते त्या पातळीच्या आसपास, एका अरुंद पट्ट्यात. तिथे ती फार फुलत नाही. चारदोन तुरे असतात, पाने मवाळ असतात, आणि तिच्या बुडाशी निवटे मासे चिखलावरून सरपटत असतात, एक नांगी भलीमोठी असलेले इवले खेकडे बिळांच्या तोंडाशी ती नांगी हलवत असतात. वटवट्या पक्षी तिच्या आत शिरला की दिसेनासा होतो आणि त्याचा आवाज तेवढा येत राहतो.

वरचे छत गेले की हे चित्र पालटते. जळणासाठी तिवरे तोडली जातात, भराव टाकला जातो, रस्त्याच्या बांधाने भरतीचे पाणी अडते, वरच्या वस्त्यांचे सांडपाणी येऊन चिखल वाढतो आणि पाण्याचा खारटपणा उतरतो. कारण कोणतेही असो, उघड्या पडलेल्या चिखलावर ऊन पोचते आणि इतकी वर्षे सावलीत एका अरुंद पट्ट्यात राहिलेली मारांडी पसरू लागते. उन्हात तिचे काटे टणक होतात आणि फुलोरा भरघोस येतो. मी त्या एप्रिलच्या सकाळी जो जांभळा पट्टा पाहत तासभर उभी राहिले होते तो असा होता. ठाणे खाडीच्या वरच्या, अरुंद होत गेलेल्या भागातही मारांडीचे असे मोठे पट्टे आहेत, आणि तिथे नागरी वस्तीचा, भरावाचा व गाळाचा भार किती आहे हे पुलावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. त्याच खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, ही समाधानाची बाब आहे. परंतु रोहित पाहायला गेलेल्या माणसाने कधीतरी होडीच्या दुसऱ्या बाजूलाही पाहावे अशी माझी इच्छा आहे.

म्हणून मारांडीला दोष द्यावा काय? या प्रश्नावर खारफुटीची लागवड करणाऱ्यांमध्ये दोन मते ऐकू येतात. एक मत असे की तिची दाटी तिवराच्या आणि कांदळाच्या रोपांना उजेड मिळू देत नाही, त्यामुळे लागवडीपूर्वी ती कापून काढावी. दुसरे मत असे की ती उघडा चिखल धरून ठेवते, वाहत आलेली बीजे अडवते आणि पुढच्या झाडांसाठी जागा राखते. दोन्हींत तथ्य आहे, हे मी मान्य करते. दाट, जुन्या मारांडीखाली खरोखरच अंधार असतो. तरीही सरसकट कापून काढण्याला माझा विरोध आहे, आणि त्याला एक अनुभव कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका लागवडीच्या कार्यक्रमात मी स्वयंसेवक म्हणून गेले होते. तिथे आम्हाला हातात कोयते देऊन पाण्याच्या कडेपर्यंतची सगळी मारांडी काढायला सांगण्यात आले. मी शंका बोलून दाखवली, पण ती झुडपे तण आहेत असे उत्तर मिळाले आणि मीही पुढे वाद घातला नाही, याची खंत मला अजून आहे. कांदळाची रोपे ओळीने लावली गेली. पुढच्या पावसाळ्यातल्या उधाणाच्या भरतीने ती कड ढासळली आणि रोपांच्या पहिल्या दोन ओळी चिखलासकट गेल्या. जिथे कोपऱ्यात मारांडी कापायची राहून गेली होती तेवढी जागा मात्र टिकली. एका जागेच्या अनुभवावरून नियम काढता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पाण्याच्या कडेची मारांडी राखून आतल्या बाजूला थोडथोडी जागा मोकळी करावी, एवढेच मी त्यानंतर सांगत आले आहे.

मारांडीला खारफुटी म्हणावे की नाही, यावरही अभ्यासकांत एकमत नाही. काही जण तिला खऱ्या खारफुटीत धरतात, काही जण खारफुटीची सोबतीण मानतात. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन (खारफुटी) वृक्ष म्हणून मान दिला, तसा मान झुडपाच्या वाट्याला येण्याचा संभव नाही. कायद्याने मात्र तिला आडून का होईना आधार दिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातल्या खारफुटीच्या तोडीला आणि तिच्यावर भराव टाकण्याला मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालात ते संरक्षण आणखी पक्के केले. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत खारफुटीचा समावेश सर्वांत संवेदनशील वर्गात होतो, आणि १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा राखण्याची तरतूद आहे. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातले खारफुटीचे क्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर नोंदवले आहे. हा आकडा वाचताना माझ्या मनात नेहमी येते की त्यातल्या किती जागी उंच तिवरे आहेत आणि किती जागी केवळ कंबरेइतकी हिरवळ, हे क्षेत्रफळाच्या एका आकड्यात मावत नाही. त्यासाठी चिखलात उतरून पाहावे लागते.

पाहायला जाणाऱ्यांसाठी दोनचार गोष्टी सांगते. उन्हाळ्यात, सकाळी लवकर आणि ओहोटीच्या वेळी जावे. भरतीच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात आणि उधाणाच्या दिवशी काठ सोडून आत जाऊ नये. चिखलात एकट्याने उतरू नये, आणि त्या काठावर रोज काम करणाऱ्या कोळी बांधवांना विचारल्याशिवाय तर मुळीच उतरू नये. पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. फुले तोडू नयेत. तोडलेले फूल घरी नेईपर्यंत कोमेजते. वर पाहावे, छत आहे का ते. खाली पाहावे, तिवराच्या जुन्या बुंध्यांची खोडके चिखलात दिसतात का ते. पट्टा अरुंद आहे की सलग, पाने काटेरी आहेत की मवाळ, याची नोंद करावी आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जावे.

मी त्या पहिल्या जागी दरवर्षी जाते. कोळी काका आता खाडीवर येत नाहीत, त्यांचा मुलगा येतो. गेल्या एप्रिलमध्ये फुलोरा पूर्वीइतकाच दाट होता, भुंगेही होते. त्याच्या होडीतून जाताना त्याने वल्हे थांबवून मारांडीच्या आत बोट दाखवले. काटेरी पानांच्या वर, हातभर उंचीची, फिकट आणि गुळगुळीत पानांची तिवराची रोपे आली होती. आम्ही दोघांनी मिळून मोजली तेव्हा सात भरली. भोवतालच्या चिखलातून त्यांची पेन्सिलीसारखी श्वासमुळे अजून वर आलेली नव्हती. तेवढ्यात भरती लागली, मारांडीची खालची पाने पाण्याखाली गेली, आणि त्याने होडी मागे वळवली.